डोमाजींचं साडेचार फुटी दार

घर विकायचं असेल तर आधी त्याच्यावर थोडा खर्च करावा, म्हणजे भाव वाढतो, असं आमच्या गावात लहानथोर सगळे सांगतात. ते तसं सांगतात याला कारण मी आहे. स्टँडजवळ माझं हार्डवेअरचं दुकान आहे. रंग, सिमेंट, नळ, टाइल्स, बिजागऱ्या, जे मागाल ते मिळतं. वीस वर्षं मी हे वाक्य गल्ल्यावर बसून इतक्यांदा म्हटलंय, की आता लोक ते मलाच ऐकवतात. गाव बोरी अरबपासून सात किलोमीटरवर आहे. नाव मुद्दाम सांगत नाही. आमच्याकडे वाचणारे कमी असले तरी वाचून भांडायला येणारे बरेच आहेत.

माझ्या दुकानासमोरचं घर डोमाजी भगतांचं. डोमाजी एस.टी.त कंडक्टर होते. निवृत्त होऊन पाच-सहा वर्षं झाली, पण गाडीतून ते अजून उतरलेले नाहीत. लग्नाच्या पंगतीत वाढायला उभे राहिले की "पुढे सरका, पुढे सरका" करतात. कोणाच्या मोटरसायकलवर मागे बसले की सीटवर दोनदा थाप मारतात, तेव्हाच चालवणाऱ्याने निघायचं. आणि जे असेल ते मोठ्याने जाहीर करायची त्यांची खोड काही केल्या जात नाही. गाडी रिकामी असली तरी ते प्रत्येक थांबा ओरडून सांगायचे म्हणे. पुतण्याला मुलगी बघायला गेले, तेव्हा पोहे येण्याआधीच त्यांनी सांगून टाकलं, "पोरगा चांगला हाय, पन तंबाखूचा खर्रा खाते." पोहे आले, मुलगी आलीच नाही.

त्यांच्यात दुसरा एक गुण होता, तो म्हणजे नजर. हाफ तिकीट की फुल, हे त्यांना पोरगं पायरीवर चढतानाच कळायचं. आई म्हणायची दहा वर्षांचा आहे, डोमाजी म्हणायचे तेरा, आणि पोरगं स्वतःच कबूल करायचं. असा माणूस शेजारी असला की आपल्याला जरा जपून बोलावं लागतं. मला त्यांचा कधीकधी फार राग येतो. माझ्या दुकानात उभं राहून ते गिऱ्हाइकाला सांगतात, "हा नळ घेऊ नको, सहा महिन्यात गळते." गळतो, हे खरं आहे. पण माझ्या दुकानात उभं राहून?

आता घराचं सांगतो, कारण सगळं रामायण त्यात आहे. हे घर त्यांनी सत्त्याण्णव साली बांधलं. तेव्हा रस्ता मातीचा होता आणि आत जायला तीन पायऱ्या चढाव्या लागत. दार साडेसहा फुटी. त्यानंतर रस्ता होत गेला. आधी खडीचा, मग डांबरी, मग सिमेंटचा, मग सिमेंटवर सिमेंटचा, मग त्याच्यावर पुन्हा सिमेंटचा. जुना रस्ता कोणी उकरत नाही, त्याच्याच अंगावर नवा चढतो. पहिल्या दोन रस्त्यांत तिन्ही पायऱ्या गेल्या. पुढच्या प्रत्येक रस्त्याला घर खाली आणि पावसाचं पाणी आत. यावर डोमाजींनी उपाय केला तो माझ्या सल्ल्याने. आत मुरूम टाकायचा, वर नवी फरशी करायची. असं तीनदा झालं, आणि आठ आठ इंच करत घराची जमीन दोन फूट वर आली. छत होतं तिथेच राहिलं. दाराची चौकटही होती तिथेच राहिली. साडेसहाचं दार साडेचार फुटांचं झालं.

चौकट वर का नेली नाही, हे सगळेच विचारतात. दारावरचा बीम, बीममधून निघालेला छज्जा आणि छज्ज्यावर ठेवलेली पाण्याची टाकी हे सगळं एकजीव आहे. फुलसिंग मिस्त्रीने एकदा छिन्नी लावून पाहिली आणि लगेच काढून घेतली. "म्या हात लावला तं टाकी माह्या डोक्शावर येइल," तो म्हणाला, आणि सामान उचलून निघून गेला.

त्या घरात सगळंच दोन फूट खाली गेलं होतं. दिव्याचं बटण गुडघ्याच्या थोडं वर. नवा पाहुणा अंधारात भिंत चाचपत बसायचा आणि घरातलं माणूस चालता चालता पायाच्या अंगठ्याने दिवा लावायचं. स्वयंपाकाचा ओटा वीतभर उरला होता. पंचफुलाबाई, म्हणजे डोमाजींची बायको, त्याच्यासमोर मांडी घालून स्वयंपाक करायच्या. खिडकी जमिनीपासून एका फुटावर, त्यामुळे शेजारची बकरी दुपारी तीनला तिच्यातून आत यायची, एक चक्कर मारायची आणि दारातून बाहेर जायची. ती एकटीच त्या दारातून न वाकता जायची. दारासमोरच्या भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता. जमीन वर आली तसे ते फोटो वाकलेल्या माणसाच्या अगदी डोळ्यांसमोर आले. पंचफुलाबाईंनी ते वर सरकवू दिले नाहीत. म्हणाल्या, "राहू द्या. आत येनारा आपोआप नमस्कार करून येते."

घरच्यांना वाकायची इतकी सवय झाली होती की ते सगळीकडेच वाकायचे. पंचफुलाबाई बँकेत गेल्या तरी वाकून शिरायच्या. त्यांना कुणी हसलं की त्या म्हणायच्या, "टेंगूळ येन्यापरीस बरं." असं सगळं मजेत चाललं होतं, आणि डोमाजींना घर विकायची काही गरज नव्हती. ती गरज आणली अपेक्षाने.

अपेक्षा ही त्यांची एकुलती एक मुलगी, यवतमाळला दिलेली. लग्नाला सात वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, यात कोणाला शंका नव्हती. पोळा झाला आणि सातव्या महिन्यात जावई तिला घेऊन आला. गाडी दारापुढे थांबली, अर्धी गल्ली बघायला जमली. अपेक्षा चौकटीपाशी आली, वाकायला गेली आणि थांबली. पोट आडवं आलं. ती एका बाजूने वळली, दुसऱ्या बाजूने वळली. बसून सरकावं, तर डॉक्टरांनी खाली बसायला मनाई केलेली. बाहेर अपेक्षा, आत पंचफुलाबाई, मध्ये साडेचार फुटी दार.

"मागे सरका, गर्दी करू नका," डोमाजी ओरडत होते. गर्दीने दार वाढणार होतं थोडंच!

शेवटी रस्त्यावर खुर्ची टाकली. अपेक्षाची ओटी रस्त्यावरच भरली. पुरणपोळी दारातून ताटात बाहेर आली. येणारीजाणारी वाहनं बाजूने जात होती आणि प्रत्येक जण थांबून विचारत होता, काय झालं? डोमाजी प्रत्येकाला खरं सांगत होते. संध्याकाळी अपेक्षा त्याच गाडीत बसून परत गेली. जाताना ती हसत होती, पण काच वर करून घेतल्यावर तिने डोळे पुसले, हे मी दुकानातून पाहिलं. पंचफुलाबाईंनीही पाहिलं.

त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. सकाळी त्यांनी डोमाजींना सांगितलं, "लेकीले माहेरचं दार पुरत नाई, तं ते माहेर कायचं? इकून टाका हे. तिच्या गल्लीत दोन खोल्या निघून राह्यल्या इकायले. तिले इथं येता येत नाई, तं आपन माहेर घेऊन तिथं जाऊ."

दोन खोल्यांचा मालक दसऱ्यापर्यंत थांबायला तयार होता. अपेक्षाला दिवाळीनंतरची तारीख होती. मी मध्ये तोंड घातलं. "सध्या भाड्यानं घ्या ना, वहिनी."

"भाड्याचं माहेर असते का कुठं?" त्या म्हणाल्या. मी तोंड बाहेर काढलं.

म्हणजे दसऱ्याच्या आत घर विकायचं, तेही यवतमाळच्या दोन खोल्या येतील अशा भावाने. डोमाजी रस्ता ओलांडून माझ्याकडे आले. "शामभाऊ, तू नेहमी म्हनतं ना, खर्च केला का भाव वाढते? सांग, कायचा खर्च करू?"

माणसाला आयुष्यात असं गिऱ्हाईक एकदाच भेटतं. मी सांगितलं.

आधी रंग. आकाशी दिला की खोली उंच दिसते, असं मी म्हणालो. हे मला कंपनीच्या माणसाने सांगितलं होतं. रंग दिला. खोली आकाशी दिसायला लागली, उंच काही दिसेना. मग मी टाइल्स सांगितल्या. दोन बाय दोनच्या, पांढऱ्या, चकाचक, चेहरा दिसेल अशा. फुलसिंगने खाली सिमेंटचा मसाला टाकून टाइल्स बसवल्या. छत जुनाट दिसत होतं, म्हणून मी पीओपी सुचवलं. कडेने नक्षी, मधे गोल, गोलात चार दिवे. तेही झालं.

शेवटच्या दिवशी आम्ही तिघे घर बघायला उभे राहिलो. म्हणजे उभं राहायला गेलो. डोमाजींनी हात वर केला तर हात पीओपीच्या गोलात गेला. फुलसिंगने सवयीने दाराला टेप लावला आणि काढून पुन्हा एकदा लावला.

"सव्वाचार," तो म्हणाला.

टाइल्स आणि मसाला मिळून तीन इंच झाले होते. वरून पीओपी अर्धा फूट खाली उतरलं होतं. घर सुधारता सुधारता आम्ही ते दोन्हीकडून दाबलं होतं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पंचफुलाबाईंच्या हातात लाटणं होतं, आणि त्या स्वयंपाक करत नव्हत्या.

"पण भाव वाढला," मी म्हणालो, आणि वाकून बाहेर पडलो.

पहिलं गिऱ्हाईक दारव्ह्याचं होतं, बँकेतलं नवराबायकोचं जोडपं. डोमाजी दारात उभे राहिले आणि तीस वर्षांचा आवाज त्यांनी मोकळा सोडला. "या, या. डोकं सांभाळा. पुढे सरका. या कोपऱ्यात पावसाळ्यात ओल धरते. ही खिडकी शेजारच्या बकरीची, तीन वाजता येते, येळेची पक्की हाय. बीमाले हात लावू नका, वर टाकी हाय." ते जोडपं सरकत सरकत खिडकीपर्यंत गेलं आणि बकरीच्या रस्त्यानेच बाहेर पडलं.

"घर दाखवून राह्यले का तक्रारबुक वाचून राह्यले?" पंचफुलाबाई कडाडल्या. "दुसऱ्या गिऱ्हाइकासमोर एक शब्द बोलाल तं पाहा. माही शपथ हाय तुमाले."

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे एक उंचापुरा ठेकेदार. डोमाजी दाराशी ओठ घट्ट मिटून उभे. माणूस मोबाइलवर बोलत येत होता. डोमाजींचा चेहरा लाल झाला, गाल फुगले, पण शपथ शपथच. धाड! एवढा मोठा आवाज झाला की समोर मी मोजत असलेले खिळे विसरलो. ठेकेदार कपाळ धरून खाली बसला. डोमाजी हळद घेऊन धावले, टेंगळावर लावली आणि तेवढ्यात ओल, बकरी, बीम, टाकी सगळं एका दमात सांगून मोकळे झाले. ठेकेदाराला त्यातलं किती ऐकू आलं कोण जाणे. हळदीच्या टिळ्यासकट तो निघून गेला.

मग डोमाजींनी एक भन्नाट तोडगा काढला. दार मोठं होत नसेल तर गिऱ्हाईकच लहान बघायचं. हाफ तिकीट ओळखणारी नजर शेवटी कधी कामाला येणार? दुसऱ्या दिवसापासून ते बोरीला जाऊन स्टँडवर बसायला लागले. गाडी आली की उतरणाऱ्या प्रत्येक माणसाला डोक्यापासून पायापर्यंत मापायचे आणि वहीत एक खूण करायचे. लोकांना वाटलं, डोमाजींना पुन्हा नोकरी लागली. एका म्हातारीने तर त्यांच्याकडे सुटे पैसे मागितले.

चौथ्या दिवशी त्यांना रामधन गुरुजी सापडले. नवीन बदली होऊन आलेले, राहायला घर शोधत होते, आणि उंचीने पाच फुटांना दोन इंच कमी. डोमाजी त्यांना अक्षरशः हाताला धरून घेऊन आले. गुरुजी दारात किंचित मान झुकवून आत आले आणि हरखूनच गेले. बटण हाताशी, खिडकी हाताशी, कपाटाचा वरचा खण हाताशी. "आयुष्यभर लोकांना म्हणत आलो, जरा ते वरचं काढून द्या," ते म्हणाले. "या घरात कोणाला काही म्हणावं लागणार नाही." ओल, बकरी, टाकी सगळं ऐकूनही त्यांचा चेहरा पडला नाही. पंचफुलाबाईंनी त्यांना दोनदा चहा दिला. मीही मनातल्या मनात पीओपीचं पाप धुऊन टाकलं.

रविवारी गुरुजी बायकोला घेऊन आले. उर्वशीबाई मोटरसायकलवरून उतरल्या, आणि उतरतच राहिल्या. पावणेसहा फूट असतील. डोमाजींच्या तोंडून "फुल" असा शब्द निघून गेला. बाई दारापाशी आल्या, दाराकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, पुन्हा दाराकडे पाहिलं.

"मी दिवसातून दहादा आतबाहेर करते," त्या शांतपणे म्हणाल्या. "म्हणजे वीसदा वाकायचं. घर तुम्हाला आवडलं ना? तुम्ही राहा. मी अधूनमधून तुम्हाला बघायला येत जाईन."

गुरुजी आत बसून बटण लावत होते, विझवत होते, लावत होते. त्यांना उठवून न्यावं लागलं.

दसरा आठ दिवसांवर आला. तेव्हा रस्त्यावर पुंडलिकरावांची मोटरसायकल थांबली.

पुंडलिकराव म्हणजे गावातले मोठे शेतकरी. कापूस, सोयाबीन, तूर, दोन ट्रॅक्टर. डोमाजींच्या घरापलीकडची जागा त्यांचीच. डोमाजींशी त्यांचं बोलणं चांगलं होतं, पण ते रस्त्यावरून. मोटरसायकल दारापुढे उभी करायची, इंजिन चालू ठेवायचं, दोन शब्द बोलायचे आणि निघायचं. अपेक्षाच्या लग्नात त्यांनी पाकीट पाठवलं, जेवायच्या वेळी त्यांना उपास निघाला. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी त्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. त्याचं कारण गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. खोटं कशाला सांगू, सुरुवातीची चार वर्षं मीही दारातूनच परत यायचो. एकदा भर उन्हाळ्यात चक्कर आली आणि पंचफुलाबाईंनी मला ओढून आत नेलं, पाणी पाजलं, तेव्हा माझी लाज मला दिसली.

पुंडलिकरावांचा मुलगा कपिल याला कोपऱ्यावर कृषी केंद्र टाकायचं होतं. त्याला घर नको होतं, जागा हवी होती. पुंडलिकराव गाडीवरूनच म्हणाले, "डोमाजी, तुह्या घराले कोनी गिऱ्हाईक भेटून नाई राह्यलं म्हने. बुटकं घर हाय. हाफ तिकीट देतो. बोल."

म्हणजे अर्धा भाव. अर्ध्या भावात यवतमाळची एकच खोली आली असती. तरी पंचफुलाबाईंनी आतून मान हलवली, हो म्हणा. मीही दुकानातून हात हलवला, हो म्हणा. डोमाजी दोघांकडे न बघता म्हणाले, "पुंडलिकराव, गाडीत चढल्याबिगर मी कोनाचं तिकीट फाडलं नाई. आत या. घर पाहा. मंग भाव बोला."

"पाडाच्या घराले काय पाहाचं?"

"पाडा नाहीतर ठेवा. पन आत या."

पुंडलिकरावांनी गाडीला किक मारली आणि ते निघून गेले. मी रस्ता ओलांडून गेलो आणि डोमाजींना वाट्टेल ते बोललो. सहा फुटांचा ताठ माणूस, अठ्ठावीस वर्षांत आला नाही, तो आता वाकून येणार आहे का? आणि तुमच्या या हट्टापायी तिकडे लेकीचं माहेर जातंय, हे दिसतंय का? डोमाजी ऐकून घेत होते. मग एवढंच म्हणाले, "दिसून राह्यलं, शामभाऊ." त्यांचा आवाज पहिल्यांदाच लहान निघाला. मला वाईट वाटलं, पण मी माझा राग सोडला नाही.

पाचव्या दिवशी कपिलच बापाला घेऊन आला. त्याला दुसरा कोपरा मिळत नव्हता. "बाबा, दोन मिनिटाचं काम हाय. जा ना आत."

गल्ली गोळा झाली. डोमाजी दारात उभे राहिले. "डोकं सांभाळा. वाकून या."

वाकून येणं पुंडलिकरावांना मंजूर नव्हतं. त्यांनी आधी टोपी काढून पाहिली, तेवढ्याने भागेना. मग आडवं होऊन पाहिलं. मग पाठमोरं होऊन उलटं शिरायचा प्रयत्न केला, आणि मानेला छज्जा लागला. शेवटी त्यांनी जे केलं ते आमच्या गावात अजून करून दाखवतात. पाठ ताठ, मान ताठ, आणि गुडघे मोडून उकिडवं बसत ते बदकासारखे एकेक पाऊल टाकत दारातून आत सरकले. वाकायचं म्हणून वाकले नाहीत. पण उकिडव्या माणसाच्या नेमकं समोर ते दोन फोटो आले. पुंडलिकराव नजर चुकवायला बाजूला वळले, माझ्या चकाचक टाइल्सवरून त्यांचा पाय सटकला, आणि ते पूर्ण लांबीने पालथे पडले. हात पुढे, डोकं फोटोंच्या दिशेला.

डोमाजी पुढे झाले. "उठा," म्हणाले. पुंडलिकराव उठेनात. त्यांच्या कंबरेत उसण भरली होती.

डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, म्हणाले, दोन-तीन तास अजिबात हलवू नका. पुंडलिकरावांना उताणं केलं, डोक्याखाली पंचफुलाबाईंनी आपली उशी दिली. चार दिव्यांच्या गोलाखाली गावचा सर्वांत ताठ माणूस आडवा पडून होता. कपिल घाबरून बाजूला बसला होता. पंचफुलाबाई चहा घेऊन आल्या. उसण भरलेल्या माणसाला उपास निघत नाही. त्यांनी बशीने थोडा थोडा चहा पाजला, आणि पुंडलिकराव प्याले. तीन वाजता बकरी आली. तिने पुंडलिकरावांभोवती चक्कर मारली, त्यांच्या टोपीचा वास घेतला आणि दारातून निघून गेली.

"हे कोन होतं?" त्यांनी विचारलं.

"रोजची हाय," डोमाजी म्हणाले. मग त्यांनी नियमाप्रमाणे ओल सांगितली, बीम सांगितला, टाकी सांगितली.

पुंडलिकरावांनी वरच्या चार दिव्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "अठ्ठावीस वर्स झाले. मी आत आलोच नाई कधी."

मला वाटलं, आता डोमाजी काहीतरी जोराचं ऐकवतील. त्यांनी उशी नीट केली आणि साध्या आवाजात म्हणाले, "गाडी तं दारातच उभी होती, पुंडलिकराव. तुमीच चढले नाई."

पुंडलिकरावांनी डोळे मिटून घेतले. पंचफुलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला, आणि मी उगाचच टाइलचा सांधा बोटाने घासत बसलो.

संध्याकाळी त्यांना खाटेवर घालून बाहेर काढलं. आडवा माणूस त्या दारातून सहज जातो. रस्त्यावर खाट टेकल्यावर ते म्हणाले, "डोमाजीभाऊ, फुल तिकीट." भाऊ हा शब्द त्यांनी आधी कधी लावला नव्हता. डोमाजींनी खाटेच्या लाकडावर दोनदा थाप मारली, आणि चौघांनी खाट उचलली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दोन्ही घरांचे कागद झाले. घर पाडलं, तेव्हा बघायला डोमाजी नव्हते, मी होतो. आता तिथे कपिलचं कृषी केंद्र आहे. बारा फुटी शटर, आख्खा ट्रॅक्टर आत जाईल. सकाळी पुंडलिकराव गल्ल्यावर बसायला येतात, तेव्हा शटरखालून जाताना जरा वाकतात. उसणेची सवय राहिली, असं म्हणतात.

दिवाळीनंतर मी यवतमाळला गेलो. अपेक्षाला मुलगी झाली होती, आणि त्या दिवशी ती दवाखान्यातून घरी, म्हणजे माहेरी येणार होती. दोन खोल्यांचं साधं घर, रंग उडालेला, टाइल्स नाहीत, पीओपी नाही. दार मात्र सात फुटी. रिक्षा थांबली. पंचफुलाबाई सामान घेऊन पुढे आल्या आणि सवयीने वाकून आत शिरल्या. त्यांच्यामागे मी, तोही वाकून. आत जाऊन मान वर केली तर समोर तेच दोन फोटो, पण या वेळी उंचावर लावलेले. मला हसू आलं आणि माझे डोळे का भरले ते कळलं नाही.

मग अपेक्षा आली. कुशीत दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. त्या जुन्या घरात वाढलेली ती, चौकट दिसताच तिचीही मान आपोआप खाली गेली.

"ए, थांब," डोमाजी आतून ओरडले. आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढा आवाज. "वाकू नको. इथं कोनी वाकाचं नाई. सरळ ये."

अपेक्षाने मान वर केली, बाळाला नीट धरलं आणि ती सरळ चालत आत आली. पंचफुलाबाईंनी चहा टाकला. डोमाजींनी नातीकडे एक नजर टाकली, उंची मापली आणि म्हणाले, "फुकट."

कंडक्टरच्या हिशेबात पाच वर्षांपर्यंत तिकीट लागत नाही.